लिंबाजीने काढलेला देवयानीचा फोटो

एका गावात एक भोळा फोटोग्राफर होता. नाव लिंबाजी. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जे असेल त्याचे फोटो काढायचा. कॅमेरा चांगला, हात चांगला, स्वभाव तर विचारू नका. फक्त एक होतं. तो सांगितलेलं ऐकायचा. तुम्ही-आम्ही ऐकतो तसं नाही हो, पुरतं ऐकायचा. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "पासपोर्टचा फोटो आहे, दोन्ही कान दिसले पाहिजेत." लिंबाजीनं दोन कानांचे दोन फोटो काढून दिले. चेहऱ्याचं कुणी बोललंच नव्हतं.

त्याच गावात टेकाळे गुरुजी राहत. भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना माळावर नेऊन आकाश दाखवलं. त्यातही त्यांचा सगळा जीव एका देवयानीवर. "अरे, आपल्या आकाशगंगेसारखी ती दुसरी आकाशगंगा आहे," ते सांगायचे. "अब्जावधी सूर्यांचं चक्र. आणि ते रोज आपल्या गावावरून जातं." खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्यांनी देवयानी भिंतीला पुसलेल्या चुन्याच्या बोटाएवढी दिसते. पण गुरुजी असं कधी म्हणायचे नाहीत. आपल्या माणसाला कोण तसं म्हणेल? पोरं "दिसली, दिसली" म्हणायची आणि घरी जेवायला पळायची. एकालाही दिसलेली नसायची. गुरुजींना ते कळायचं, आणि फार वाईट वाटायचं.

त्या वर्षी ठरलं की चंपाषष्ठीच्या यात्रेला खंडोबाच्या देवळापुढं हायमास्ट लावायचा. उंच खांब, वर सहा दिवे. गाव खूश. गुरुजींची मात्र झोप उडाली. एकदा तो दिवा लागला की आकाश पांढुरकं होणार आणि देवयानी गावाला कायमची दिसेनाशी होणार. त्याआधी तिचा एक फोटो काढून शाळेच्या भिंतीवर लावायचा, एवढंच त्यांना हवं होतं. "चाळीस वर्षं मी खोटं बोललो नाही, हे पोरांना कळू दे," असं ते बायकोला म्हणाले.

भाऊबीज झाल्यावर त्यांनी लिंबाजीला बोलावलं.

"गुरुजी, दुर्बीण लागेल ना?"

"नाही. तुझा लग्नाचा कॅमेरा पुरतो. फक्त युक्ती पाहिजे. माझे गुडघे माळ चढू देत नाहीत, तू एकटा जा."

कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढून दिला. इथं शर्मिष्ठेच्या पाच चांदण्या, त्यांच्या टोकाखाली इथं देवयानी. लिंबाजी गेला, जागा अचूक शोधली आणि तासाभरात परत आला. फोटो काळाकुट्ट.

"काय केलंस?"

"अंधार होता म्हणून फ्लॅश मारला. तीनदा मारला."

"लिंबाजी, देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे. तुझ्या फ्लॅशचा उजेड तिथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतील."

लिंबाजीनं हिशेब केला. "म्हणजे जायला पंचवीस, यायला पंचवीस. तोवर कॅमेरा तिथंच ठेवायला हवा होता, नाही का?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे बघ. फ्लॅश बंद. आजूबाजूचे सगळे दिवे बंद. दहा सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा, आणि तेवढ्यात कुणी हलायचं नाही. लक्षात राहील?"

"राहील गुरुजी."

राहिलंच. तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांना सुरुवात झाली. पहिलंच लग्न संध्याकाळचं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, नवरीनं हार उचलला, आणि लिंबाजीनं मांडवातले सगळे दिवे बंद करवले. अंधारातून त्याचा आवाज आला, "दहा सेकंद कुणी हलायचं नाही."

आता लग्नघर ते. कोण थांबतंय? लोकांना वाटलं लाईट गेली. कुणी बॅटरी शोधायला धावलं, कुणी उरलेल्या अक्षता अंदाजानं फेकल्या, वाजंत्र्यांनी तर दुप्पट जोरानं वाजवायला घेतलं. नवरीनं समोर जी मान लागली तीत हार घातला. दिवे आले तेव्हा हार भटजींच्या गळ्यात होता. भटजी सज्जन, त्यांनी काढून दिला.

नवरीच्या मामांनी लिंबाजीला मांडवामागं नेलं. "अहो फोटोवाले, लग्नात माणसं हलतात. ती काय तुमच्यासाठी थांबणारेत? ती जिकडं जातील तिकडं तुम्ही जायचं. पाठ सोडायची नाही."

"बरं झालं सांगितलंत," लिंबाजी म्हणाला.

पौर्णिमा उलटली. चंद्र उशिरा उगवायला लागला तसा लिंबाजी पुन्हा माळावर गेला. फ्लॅश बंद केला, स्टँड रोवला आणि बघत बसला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की नकाशावरून शोधलेली देवयानीची जागा पश्चिमेला सरकतेय. मग स्टँड खांद्यावर घेऊन तोही पश्चिमेला सरकला. ती पुढं, हा मागं. माळ संपला, ज्वारीचं रान लागलं, मग ओढा, मग दुसऱ्या गावची शीव. तिथल्या कुत्र्यांनी त्याला तिसऱ्या गावापर्यंत सोबत केली. शेवटी देवयानी डोंगराआड गेली, तेव्हा कुठं लिंबाजी टेकला. सकाळच्या एसटीनं तो घरी आला. पायात काटे होते. फोटो एकही नव्हता, कारण चालता चालता बटण कधी दाबणार?

"मागं मागं गेलो, गुरुजी," तो म्हणाला. "पण चालायला फार चपळ आहे ती."

गुरुजींना हसू आलं आणि रडूही आलं. यात्रा जवळ येत होती. खांब तर उभाही राहिला होता. त्यांनी लिंबाजीला चहा दिला आणि समोर बसवून एकेक शब्द तोलून सांगितलं, "तू हलायचं नाहीस. एका जागी उभं राहायचं. एकाच गोष्टीचे शंभर फोटो काढायचे, मग ते एकावर एक रचायचे. एका फोटोत जे उमटत नाही ते शंभरांत उमटतं."

"एका जागी उभा, एकाच गोष्टीचे शंभर, एकावर एक," लिंबाजीनं म्हणून दाखवलं. गुरुजींना वाटलं, जमलं आता.

पण मध्ये दुसरं लग्न होतं ना. लिंबाजी मांडवात शिरला आणि जिथं पहिल्यांदा पाय ठेवला तिथंच उभा राहिला. समोर पंगत बसली होती, आणि पंगतीत नवरीचे थोरले चुलते बुंदी खात होते. लिंबाजीनं त्यांचे शंभर फोटो काढले. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, वरात निघाली. लिंबाजी जागचा हलला नाही. चुलते आधी जरा लाजले, मग खुलले. त्यांनी बुंदी तीनदा वाढून घेतली.

आठवड्यानं नवरीची आई स्टुडिओत आली. लिंबाजीनं शंभर फोटो एकावर एक रचून त्यांचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला.

"हे आमचे भावजी आहेत," ती म्हणाली.

"हो."

"नवरी कुठंय?"

शोधता शोधता एका फोटोत नवरी सापडली. चुलत्यांच्या खांद्यामागून पाणी प्यायला चालली होती. पण तिच्या गालावर काजळ फिसकटलेलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "एकच तर फोटो, त्यातही डाग. अरे बाबा, फोटो देण्याआधी बघत जा. डाग दिसला की पुसायचा. कॉम्प्युटरवर पुसता येतो ना? मग डाग असलेला फोटो माणसाच्या हातात द्यायचा नाही. कधीच नाही."

लिंबाजीनं तिथल्या तिथं कॉम्प्युटर लावला आणि तो डाग असा पुसला, की गाल जन्मल्यापासून तसाच असावा. बाई बघतच राहिल्या. "हे मात्र झकास केलंस हो," त्या म्हणाल्या. महिनाभरात लिंबाजीला मिळालेली ही पहिली शाबासकी. तो दिवसभर एकटाच हसत होता.

मग आली अमावस्या. यानंतर यात्रा, आणि यात्रेला दिवा. हीच शेवटची संध्याकाळ. गुरुजी अंगणात खुर्ची टाकून माळाकडे बघत बसले. त्यांनी जेवणही पुढं ढकललं. आणि काय सांगू, त्या संध्याकाळी लिंबाजीनं सगळं बरोबर केलं. फ्लॅश मारला नाही. स्टँड हलवला नाही. देवयानीच्या मागं गेला नाही. दहा-दहा सेकंदांचे शंभर फोटो मोजून काढले आणि येता येता गुरुजींना म्हणाला, "झालं गुरुजी. आता स्टुडिओत बसून नीट करून देतो."

गुरुजींनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

चार दिवस लिंबाजीचा स्टुडिओ बंद होता. आत दिवा मात्र जळत असायचा. त्याची आई डबा ठेवून जायची, तो तसाच परत न्यायची. चंपाषष्ठीला भंडारा उधळला, संध्याकाळी हायमास्ट लागला आणि सगळं गाव दुपारसारखं लख्ख झालं. लोक माना वर करून दिवा बघत होते. गुरुजी घरात बसून होते, पण त्यांना आता दुःख नव्हतं. देवयानी फोटोत आली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. वर्गातली पोरं, हेडमास्तर, सरपंच, सगळे व्हरांड्यात जमले. लिंबाजीनं दारापेक्षा रुंद फ्रेम आणली होती, वर पांढरं कापड. त्याचे डोळे जागरणानं लाल, पण चेहरा बघावा असा. गुरुजींनी स्वतःच्या हातानं कापड ओढलं.

काय सुंदर आकाश होतं ते. काळंभोर, स्वच्छ, आणि चांदण्या अशा की हात लावला तर बोटाला लागतील. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी पुढं झाले. नाक काचेला टेकेपर्यंत पुढं झाले. वरून खाली बघितलं, डावीकडून उजवीकडे बघितलं, नकाशा आठवला, शर्मिष्ठेच्या टोकावरून बोट खाली आणलं. बोट फोटोच्या मधोमध येऊन थांबलं. तिथं नुसता काळोख होता.

"लिंबाजी," ते हळूच म्हणाले, "इथं काही नव्हतं का रे?"

"होतं ना गुरुजी. बरोब्बर तिथंच." लिंबाजीनं आवाज खाली आणला, पोरांना ऐकू जायला नको म्हणून. "हा एवढा लांबट, धुरकट डाग पडला होता. आधी वाटलं एखाद्याच फोटोला असेल. बघतो तर शंभरच्या शंभर फोटोंना, चांदण्यांमधल्या त्याच जागी. पण तुम्ही काळजी करू नका. चार दिवस बसलो, एकेक करून सगळे पुसले. मूळच्या फोटोंवरसुद्धा शिल्लक ठेवला नाही."