वीरगळावरची परी आणि खिंडीतली लढाई

गोष्ट जरा रडवेली आहे हं, आधीच सांगते. मध्येच "मग काय झालं?" करून माझं डोकं खायचं नाही.

घोणगडाच्या पायथ्याशी सगुणा नावाची इवलीशी पोर राहायची. अंगात ठिगळाठिगळांचं परकर-पोलकं, पोटात कण्यांची पेज, तीही एकदाच. तिचे बाबा खिंडीतल्या लढाईत पडले. पडले, एवढंच कळलं. आई दळता दळता थांबायची आणि विचारायची, "सगुणे, शेवटी त्यांच्याजवळ कुणी होतं का गं? घोटभर पाणी तरी मिळालं असेल का?"

सगुणा काय सांगणार, कपाळ! लढाईची पोथी देवळात होती. बाबांनीच तिला अक्षरं शिकवलेली, त्यामुळे तिने ती कितीदा वाचली. सरदारांची नावं होती, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा होती. बाबा मात्र 'बाकीचे लोक' यात! लिहिणाऱ्या मेल्याला काय म्हणावं?

रानाच्या कडेला एक वीरगळ होता, म्हणजे लढून मेलेल्या वीराचा कोरीव दगड. वीराला स्वर्गात नेणाऱ्या चिमुकल्या पऱ्या त्यावर कोरलेल्या. गावाने देव समजून दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर थापला, इतका थापला की पऱ्यांचे डोळेच बुजले. भक्ती म्हणे!

"बाई गं, तुला दिसत कसं असेल?" म्हणत सगुणाने परकराच्या टोकाने एका परीचा चेहरा हळूहळू पुसला.

तोच दगड गुलाबी उजळला आणि परी खाली उतरली. पोपटी पंख, जांभळी झिरझिरीत ओढणी, पायांत इवली इवली रुपेरी घुंगरं. डोळे मात्र रडून सुजलेले.

"माग बाळ, काय हवं?"

"मला बाबांची लढाई बघायचीय."

परीचा चेहरा उतरला. "बघवणार नाही गं राणी."

"तरीही."

"मग पोथी आण आणि मोठ्याने वाच. वाचशील तोवर लढाई तुझ्याभोवती उभी राहील. पण स्वतःचा एक शब्द जरी बोललीस, तर सगळं मिटेल. पुन्हा कधी उघडणार नाही."

सगुणा पोथी घेऊन आली आणि वाचू लागली. बघता बघता सोनेरी धूळ उठली, निळ्या धुरात भाले चमचमले. पोथीत हे किती छान वाटायचं! इथे घोडे किंचाळत होते, माती चिकट झाली होती. तरी ती वाचत राहिली. शेवटचं पान उरलं आणि खिंडीच्या तोंडाशी बाबांचं हिरवं मुंडासं दिसलं!

तेवढ्यात कुणीतरी तिचा परकर धरला. शत्रूकडचा एक पोरगा पडला होता. मिसरूडही फुटलं नव्हतं बिचाऱ्याला.

"कुणी आहे का? मला दिसत नाही... कुणी आहे का?"

सगुणा वाचत राहिली. समोर बाबा होते हो तिचे! पण तो पोरगा पुन्हा म्हणाला, "कुणी आहे का?"

तिने पोथी खाली ठेवली आणि त्याचा हात धरला. "मी आहे हं इथं. घाबरू नकोस."

त्याने डोळे मिटले आणि सगळं विझलं. उरलं रान, उरला दगड. सगुणा ओक्साबोक्शी रडू लागली. "बाबा राहिलेच गं!"

परीने तिला कुशीत घेतलं. "तुझ्या बाबांना मीच उचललं होतं, बाळ. ते एकटे नव्हते. नदीपलीकडच्या गावातली एक मुलगी हीच लढाई वाचत आपल्या भावाला शोधत होती. वाटेत तिला तुझे बाबा दिसले. 'काका, मी आहे इथं,' म्हणाली आणि ओंजळीने पाणी पाजलं. तिचीही पोथी तिथेच मिटली."

"आणि तिचा भाऊ?"

परीने सगुणाचा, त्या पोराला धरलेला हात हळूच उचलून आपल्या हातात घेतला. सगुणाला कळलं.

"मग जा ना गं तिच्याकडे! सांग, त्याचा हात मी धरला होता म्हणून."

परीने तिच्या कपाळाची पापी घेतली. पोपटी, जांभळा, सोनेरी असा लखलखाट झाला आणि तो नदीपलीकडे दिसेनासा झाला.

सगुणा धावत घरी गेली आणि आईच्या गळ्यात पडली.

"आई, बाबांना पाणी मिळालं गं."