बिनमुठीची तलवार

हिरडगडाच्या पायथ्याशी, हिरडेवाडीत, जाखाईचे देऊळ आहे. देवीच्या उजव्या हाताला एका लाकडी घडवंचीवर तलवार ठेवलेली असते. तिला मूठ नाही. पाते दोन हातांहून थोडे कमी, मधोमध बारीक पन्हळ, आणि जिथे मूठ असायची तिथे नुसती बोटभर रुंद पोलादी शेपटी. पहिल्यांदा येणारे पाहुणे हळहळतात. मागे पुण्याहून जुनी शस्त्रे जमवणारे एक गृहस्थ आले होते. चांदीच्या कामाची मूठ स्वखर्चाने बसवून देतो, असे ते म्हणाले. देवळाचे गुरव तातोबा हसले. "सायेब, मूठ होती म्हणून तर माणूस मरायची पाळी आलती. आता परत कशाला?" मग त्यांनी गृहस्थांना बसायला घोंगडी दिली आणि त्या तलवारीची हकिगत सांगितली.

हकिगत किती जुनी ते विचारू नये. तेव्हा गड कोणाच्या अमलात होता यावरच वाडीत दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांतली माणसे भांडकुदळ आहेत. एवढे मात्र सगळ्यांना मान्य आहे की गडावर बयाजीराव नावाचे किल्लेदार होते, घाटाखाली खाडीच्या तोंडाशी एक कोट होता, आणि कोटातल्या लोकांशी गडाचे पिढीजात वैर होते.

वाडीत त्या वेळी मोदीन शिकलगार राहत असे. गडावरच्या तलवारी, भाले, कट्यारी घासून लखलखीत करायच्या, सैल झालेल्या मुठी पुन्हा लाखेत बसवायच्या, हे त्याच्या घरचे काम. बापाकडून त्याच्याकडे आणखी एक विद्या आली होती. कोणतेही हत्यार पाहून ते कुठल्या मुलखात घडले, कोणाच्या हाताखालून गेले, हे तो सांगत असे. आसपासच्या चार गडांवरून माणसे लुटीत मिळालेली शस्त्रे घेऊन त्याच्याकडे येत. बापाने मरताना त्याला एकच गोष्ट बजावली होती, असे सांगतात: "मुठीवर जाऊ नगंस. मूठ बाजारात मिळती. पातं हातात घेतल्याबिगर तोंड उघडू नगंस."

पहिली काही वर्षे मोदीनने हे पाळले. पण नाव झाले, की माणसाचा हात आखडतो आणि तोंड सैल सुटते. लोक वाहवा करू लागले तसा मोदीन तलवार हातात न घेताच बोलू लागला. दहा हातांवरून तलवारीचे गाव सांगतो, अशी त्याची ख्याती झाली, आणि ती त्याला आवडू लागली. मुठीची घडण, बोटे झाकणाऱ्या परजेचा बाक, मुठीच्या टोकाची कळी पाहिली की तो मोकळा. दहातल्या नऊ वेळा खरेही निघत असे. उरलेल्या एका वेळी कोणाचे काही बिघडत नव्हते.

एका वर्षी खंडेनवमीला चार दिवस उरले असताना कोटातले लोक गडाच्या मागच्या दिंडीतून, म्हणजे लहान दरवाजातून, आत शिरले आणि गवताच्या गंजी पेटवून निघून गेले. दिंडी आतून उघडी सापडली. त्या दिंडीवर धुळोजी नाईकाचा पहारा असे. त्याच्या घराण्याकडेच दिंडीची किल्ली होती. धुळोजी त्या वेळी तापाने फणफणून घरात पडलेला होता, पण ते ऐकायला कोण बसले होते? त्याच्या झोपडीची झडती झाली. माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली, एक तलवार निघाली. तिची मूठ कोटातल्या लोकांच्या तलवारींना असते तशी होती, वर पितळेची कमळकळी.

धुळोजी म्हणाला, तलवार माझ्या बापाची आहे. बाप लढाईत गेला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. खंडेनवमीला काढतो, पुजतो, पुन्हा ठेवतो, याहून मला जास्त ठाऊक नाही. सदरेवर कोणी विश्वास ठेवला नाही. तरी बयाजीराव न्यायाचे माणूस. त्यांनी मोदीनला बोलावणे पाठवले.

मोदीन आला तेव्हा सदर गच्च भरली होती. शिपायाने तलवार उंच धरली. खंडेनवमीची शंभर हत्यारे मोदीनच्या अंगणात पडून होती आणि त्याला घरी जायची घाई होती. त्याने उभ्या उभ्याच पाहिले आणि सांगितले, "कोटातली हाय, सरकार. कळीच सांगतीया." सदरेवर माना डोलल्या. दहा हातांवरून ओळखली, असे कोणीतरी कौतुकाने म्हणालेसुद्धा.

तेवढ्यात धुळोजीची बायको सगुणा पुढे आली. ती रडत नव्हती. तिने मोदीनसमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, येकदा हातात घिऊन तरी बगा."

भरल्या सदरेत एका बाईने आपल्याला आपला धंदा शिकवावा, हे मोदीनला झोंबले. त्याने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी दुपारची नौबत झडली की धुळोजीचा कडेलोट करायचा, असा हुकूम झाला. तलवार दसऱ्याला महादरवाजावर टांगायची म्हणून घासायला मोदीनच्याच हवाली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोदीनने ती घासायला घेतली. बापाची खरी विद्या त्याच्या बोटांत होती, आणि बोटे खोटे बोलत नाहीत. अंगठा पात्यावरून फिरला आणि तो थबकला. कोटातली पाती पाठीला जाड असतात. हे पाते पाठीला निमुळते होते. त्याने पात्याला नखाने टिचकी मारली. नाद बराच वेळ टिकला. हा नाद त्याने घरात लहानपणापासून ऐकला होता.

त्याने शेगडी फुलवली आणि मूठ निखाऱ्यांवर धरली. लाख पाघळली, वास सुटला. धीर न धरवून त्याने तापलेली मूठ उघड्या हातानेच ओढली. तळहाताची कातडी मुठीला चिकटली, पण मूठ निघाली. आतल्या शेपटीवरची काजळी त्याने पुसली. तिथे तीन ठिपके आणि चंद्रकोर होती. त्याच्या बापाची खूण. आणि तिच्याखाली एक लहानशी किल्ली कोरलेली होती.

मोदीनचा बाप गडावरच्या प्रत्येक घराची खूण मुठीच्या आत कोरत असे, म्हणजे लढाईत हत्यारांची सरमिसळ झाली तरी ज्याचे त्याला जावे. किल्ली म्हणजे दिंडीवाला नाईक. आणि लढाईत आपली मूठ तुटली तर पडलेल्या वैऱ्याची मूठ काढून बसवून घ्यायची, ही त्या काळच्या शिपायांची हौस होती. धुळोजीच्या बापाने तेच केले होते. ती कमळकळी फितुरीची नव्हती, पराक्रमाची होती.

आता इथे तातोबा क्षणभर थांबतात. कारण मोदीनही थांबला होता, असे सांगतात. मूठ परत लाखेत बसवली असती तर जगात कोणालाही काही कळले नसते. नाव राहिले असते, गडाचे काम राहिले असते. चूक कबूल केली तर खोटी साक्ष दिली म्हणून कदाचित धुळोजीच्या जागी त्यालाच उभे करतील. तो भ्याला. भीती वाटली नाही असे त्याने पुढेही कधी सांगितले नाही. पण सगुणेचे ते एक वाक्य त्याच्या कानातून जाईना.

त्याने डोक्याचे पागोटे सोडून उघडे पाते त्यात गुंडाळले, दुसरी एखादी मूठ उघडून दाखवावी लागली तर म्हणून मातीच्या पेटत्या शेगडीला दोरी बांधून ती डाव्या हातात घेतली आणि साठीचा तो माणूस गड चढू लागला. अर्ध्या वाटेवर नौबतीचा पहिला टोला ऐकू आला. तिथून तो पळाला म्हणे. आजही धडधाकट गडी त्या चढणीला दोनदा बसतो.

कड्याजवळ पोचला तेव्हा धुळोजीचे हात मागे बांधलेले होते. मोदीन गर्दीत घुसला. "मी चुकलो," एवढेच तो ओरडला. "सरकार, मी चुकलो, थांबवा."

बयाजीरावांनी हात वर केला. नौबत थांबली. मोदीनने पाते दाखवले, खूण दाखवली, मुठीची हौस सांगितली. बयाजीरावांनी सगळे ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा काही निवळला नाही. "काल एक सांगितलंस, आज दुसरं. ही खूण तू रात्रीतून कोरली नाहीस कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मोदीनने इकडेतिकडे पाहिले आणि मग भीड सोडून किल्लेदाराच्या कमरेकडे बोट केले. "सरकार, ती तलवार द्या. ती पन माज्या बानंच बशिवल्याली. तवापासून तिची मूठ निघाल्याली न्हाई. म्या तर तिला कदी हातबी लावला न्हाई."

किल्लेदाराची तलवार मागायची म्हणजे काय ते सगळ्यांना समजत होते. पण बयाजीरावांनी ती काढून दिली. मोदीनने तिथल्याच एका सपाट धोंड्यावर शेगडी ठेवली आणि मूठ तापवली. लाख धोंड्यावर ठिबकत राहिली. या वेळी मूठ बयाजीरावांनी स्वतः शेल्यात धरून ओढली. आत तेच तीन ठिपके होते, तीच चंद्रकोर, आणि खाली त्यांच्या घराण्याचा सूर्य. दोन्ही खुणांच्या रेषांत जुनी लाख सारखीच काळी पडून मुरली होती; ती रात्रीतून मुरत नाही. पाते गडावरचेच होते. हातात उरलेली मूठ मात्र परमुलखातली होती. आजोबांनी कुठल्याशा स्वारीत ती हौसेने मिळवली होती, हे त्यांना चांगले आठवत होते.

बयाजीरावांनी ती मूठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग म्हणाले, "मुठीवरून न्याय करायचा, तर आधी मलाच या कड्यावर उभं केलं पाहिजे." त्यांनी स्वतः पुढे होऊन धुळोजीच्या दोऱ्या कापल्या. सुटका होताच धुळोजीने प्यायला पाणी मागितले. सगुणा कालपासून रडली नव्हती, ती आता रडली, आणि रडता रडता हसली. जमलेल्या माणसांनाही हायसे वाटले. आदल्या दिवशी सदरेवर मान डोलावणाऱ्यांत ती सगळीच होती.

दिंडी कोणी उघडली ते पुढेही कळले नाही. अडसर जुना होता, तो आपोआप निसटला असावा, असे काही म्हणतात. काहींना अजून शेजारच्यांचा संशय येतो.

मोदीनला काय शिक्षा करावी, हे बयाजीरावांनी धुळोजीच्या घरावर सोपवले. सगुणेने मोदीनचा उजवा हात धरून उलटा केला. तळहात भाजून सोलवटला होता. तिने कोणाकडून तरी लोण्याचा गोळा मागवला आणि तिथेच त्याच्या हाताला लावला. मग म्हणाली, "शिक्षा येकच, बाबा. हितनं म्होरं हातात घेतल्याबिगर बोलायचं न्हाई."

ती तलवार धुळोजीने घरी नेली नाही. जाखाईला वाहिली, तीही मूठ न बसवता, म्हणजे खूण सगळ्यांना दिसत राहावी.

गडावर आता वस्ती नाही. कड्याजवळचा तो सपाट धोंडा अजून आहे. त्याच्यावर काळपट डाग आहेत, त्याला लोक लाखधोंडा म्हणतात. आजही खंडेनवमीला वाडीतली झाडून सगळी हत्यारे जाखाईसमोर येतात. जुन्या तलवारी असतात, तसेच कोयते, विळे, खुरपी असतात. शिकलगारांच्या घरातला थोरला माणूस समोर बसतो. नाईकांच्या घरची सून पुढे येऊन म्हणते, "बाबा, येकदा हातात घिऊन तरी बगा." मग तो एकेक हत्यार दोन्ही हातांनी उचलतो आणि आधी मोठ्याने म्हणतो, "मी चुकंन, पातं चुकायचं न्हाई." त्यानंतरच ते कुठले ते सांगतो. गेल्या वर्षी कोणीतरी गंमत म्हणून भिंतीवर लावायची शोभेची तलवार आणली होती. त्याने तीही दोन्ही हातांनी उचलली, नखाने वाजवली, पुरती पाहिली आणि मगच पत्र्याची आहे म्हणून सांगितले. लोक हसले, तोही हसला.

सगळे आटोपले की तो उजवा तळहात पुढे करतो. हात भाजलेला नसतो. तरी नाईकांची सून त्याच्यावर लोणी लावते.