शीतरतीचे अनुपान

पूर्वी शूर्पारक बंदरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मला आणि पुढे राजवैद्य झाला. औषध कशाबरोबर घ्यायचे, म्हणजे त्याचे अनुपान काय, हे ठरल्याखेरीज तो कुणाला पुडी देत नसे.

त्याच नगरात वसुदत्त नावाचा व्यापारी होता. समुद्रावर उदास होणाऱ्या नावाड्यांसाठी म्हणून त्याने गलबतभर तांबडी साल आणली होती. नावाड्यांनी ती चघळली आणि थुंकून टाकली. औषध कोठारात पडून होते, रोग तेवढा नव्हता. तेव्हा वसुदत्ताने रोग शोधला. ज्या स्त्रीला पतीविषयी हवी तितकी ओढ वाटत नाही तिला शीतरती झाली आहे, असे त्याने ठरवले. किती ओढ हवी, हेही त्यानेच ठरवले. मग त्याने नेमलेल्या बायका पाच प्रश्न घेऊन पाणवठ्यावर उभ्या राहू लागल्या.

नंदिक कोष्ट्याची बायको पाटला सात महिन्यांचे मूल कडेवर घेऊन पाण्याला गेली.

"नवरा जवळ आला की झोप येते का गं?"

"येते. तो जवळ नसला तरी येते."

"मग जुनाट दिसतोय," बाई म्हणाली.

पाटलेला फार नवल वाटले नाही. बाळाच्या उचकीपासून स्वतःच्या दुधापर्यंत प्रत्येक गोष्टीत आपलेच काहीतरी चुकते अशी तिची खात्री होती; त्यात हे एक. उलट आपल्या चुकीला नाव आहे हे ऐकून तिला थोडे बरेच वाटले. तिने साल घेतली. पाचव्या दिवशी विहिरीच्या काठावर तिचे डोळे अंधारले. घागर हातून सुटून खाली फुटली. मूल दुसऱ्या हातात होते. पुढचा विचार तिने केला नाही. मुलाला आवळून ती तिथेच बसली.

"घेरी येते म्हणजे लागू पडतंय," बाई म्हणाली.

इकडे वसुदत्ताने राजाला विनंती केली, की शीतरती हा रोग म्हणून जाहीर व्हावा आणि जी स्त्री साल घेणार नाही तिला नवऱ्याने माहेरी धाडावे. त्यावर राजवैद्याची मुद्रा तेवढी उमटायची होती.

"मुद्रा उमटू दे," पाटलेची सासू तिला म्हणाली. "साल घेतलीस तर ठीक, नाहीतर माहेरची वाट धर. मूल इथंच राहील."

साल घ्यावी तर मूल हातून पडेल, न घ्यावी तर मूलच दुरावेल. पाटला राजवैद्याकडे गेली.

"कधीपासून ओढ वाटत नाही?" बोधिसत्त्वाने विचारले.

"हा झाल्यापासून."

"रात्री किती वेळा उठतेस?"

"मोजत नाही, वैद्यराज. मोजलं तर उरलेली झोपही जाते."

"तुला स्वतःला काय हवंसं वाटतं?"

हे पाच प्रश्नांत नव्हते. पाटला बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुणीतरी काही न मागता जवळ बसावं." एवढे सांगायला वैद्याकडे कशाला यायचे, असे वाटून ती ओशाळली. बोधिसत्त्व हसला नाही.

वसुदत्ताने त्याला नफ्यात हिस्सा देऊ केला होता, शिवाय त्याच्या नावाचे वैद्यगृह. दोन्ही नाकारून तो राजाला म्हणाला, "महाराज, साल घेणाऱ्या चाळीस जणी आहेत. ज्यांना ती सोडायची नाही त्या वीस जणींनी महिनाभर मधातून घ्यावी. उरलेल्या वीस जणींना मी सालीवाचून नुसतं अनुपान देतो. दिवेलागणीपासून मूल नवऱ्यानं सांभाळायचं, पाणी त्यानं भरायचं, आणि बायको नको म्हणाली की विषय तिथेच संपला. मग बायकांनाच विचारू."

नंदिकाने पहिल्या दिवशी मूल ओल्या सुताच्या लडीसारखे धरले.

"अगं, हा रडतोय."

"मग त्यालाच विचारा, का ते."

आठ दिवस पाटला नुसती झोपली. एका संध्याकाळी उठून पाहते तो नंदिक मागावर बसलेला, मूल त्याच्या पाठीला बांधलेले, आणि ते जागे होऊ नये म्हणून तो धोटा इतक्या हळू सरकवत होता की वस्त्र त्या वर्षी पुरे झाले नसते. पाटलेला हसू फुटले. ती जाऊन त्याच्याजवळ बसली आणि तिने आपण होऊन त्याचा हात हातात घेतला. कुणी मागितला नव्हता.

महिना सरला. राजसभेच्या दिवशी साल घेणाऱ्यांपैकी अकरा जणी घेरीमुळे घरीच राहिल्या; उरलेल्या नऊ जणी म्हणाल्या, फरक काही नाही. अनुपानाच्या वीसही जणी आल्या. बहुतेकींनी सांगितले की ओढ परतली. एक कुंभारीण मात्र म्हणाली, "मला नाही वाटत तसं. आधीही फारसं नव्हतं. आमचं बरं चाललंय."

"म्हणजे ही बरी झाली नाही," वसुदत्त म्हणाला.

"ही आजारी नव्हती," बोधिसत्त्व म्हणाला.

तेव्हा पाटला उठली. खांद्यावर मूल झोपले होते म्हणून आवाज शांत ठेवणे भागच होते.

"श्रेष्ठी, तुमचे प्रश्न मला पाठ झालेत. दमल्यावर झोप येते?"

"येते."

"घरात असताना भलतेच विचार डोक्यात असतात?"

"व्यापाऱ्याच्या असणारच."

"बायको जवळ आली की कधी नको वाटतं?"

वसुदत्त इकडेतिकडे पाहू लागला. मागे बसलेली त्याची बायको म्हणाली, "सांगा की."

उरलेले दोन प्रश्न विचारावे लागले नाहीत. "साल घ्या," पाटला म्हणाली. "घेरी येईल, पण लागू पडेल."

आधी राजा हसला, मग सारी सभा. मुद्रा उमटली ती दुसऱ्याच आज्ञेवर: स्त्रीचे स्वतःचे म्हणणे ऐकल्यावाचून कुणी तिला रोगी ठरवू नये. साल रंगाऱ्यांकडे गेली; तिचा तांबडा रंग पक्का निघाला. त्या रंगाचे, नंदिकाने विणलेले वस्त्र नेसून पाटला मुलाला घेऊन ताठ मानेने पाण्याला जाऊ लागली. बाळाच्या उचकीविषयी मात्र तिला अजून खात्री नव्हती.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुदत्त म्हणजे विहाराच्या दाराशी धडधाकट उपासिकांना काढे विकत बसतो तो माणूस. नंदिक म्हणजे रोज नातवाला खांद्यावर घेऊन धर्म ऐकायला येणारा उपासक. पाटला म्हणजे ही थेरी, ही ज्येष्ठ भिक्षुणी, जिला पाहताच तो काढेवाला चाचरतो. आणि तो वैद्य मी होतो. त्या जन्मी माझी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, वाढली, ती त्या पाचांत नसलेला एक प्रश्न विचारल्याने आणि उत्तर येईपर्यंत थांबल्याने."