सनूची आई आणि व्हिसाचा साहेब

सकाळचे सव्वानऊ वाजले आणि परदेशातल्या त्या व्हिसा ऑफिसात त्रिशलाचा नंबर लागला. ती हुपरीची, चांदीच्या पैंजणांची कारागीर. कामाचा व्हिसा संपत आला होता. अजून एक वर्ष मिळालं, तरच पैसे साठून गावाकडं लेकीच्या कानाचं ऑपरेशन होणार होतं. तीन वर्षांच्या सनूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. फोनवरच्या आईच्या आवाजाचा तिला काय उपयोग? ती नुसती पडद्यावर आईचे गाल चाचपायची, अन् इकडं त्रिशलाचा जीव तुटायचा.

तिचा अर्ज चाळून साहेब खुर्चीत रेलला आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "एवढंसं लेकरू टाकून आलेली बाई कसली माघारी जातेय! इथंच दडी मारून बसशील. नाही मिळायची मुदत."

त्रिशला म्हणाली, "साहेब, आमच्याकडं गाय चरायला सोडतात आणि वासरू घरी बांधतात. रानात गाईच्या गळ्यात दावं नसतं, तरी सांजेला ती आपणहून घर गाठते. मला इथंच राहायचं असतं, तर वासराला संगंच आणलं नसतं का?"

साहेब खवचट हसला. "एवढी ओढ आहे, तर आजच जा की!"

"अर्ध्या पोटी गेले, तर वासराला पाजू काय?"

दुभाष्यानं ते सांगितलं, तसं साहेबाचं हसू विरलं. त्यानं गुमान शिक्का मारला.

बाहेर येताच त्रिशलानं सासूला फोन लावला. "आत्याबाई, वर्ष मिळालं! सनूला तेवढं हातानं खुणा करून सांगा, आई येणार आहे म्हणून."