राहीवाडी स्टेशनाला वाडी का नाही

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने राहीवाडीला उतरलेला नवखा माणूस बाहेर आला की एकच विचारतो, गाव कुठंय? समोर काळ्या दगडाची जुनी इमारत, तिच्या एका अंगाला आंबेशेताचा रस्ता, दुसऱ्या अंगाला ओढा आणि ओढ्यापलीकडे कोंढारे. राहीवाडी कुठंच नाही. तलाठ्याच्या कागदावरही नाही. तरी हल्ली फ्लॅट बघायला येणारी जोडपी जाहिरात हातात घेऊन ऊन खात हिंडतात आणि शेवटी रसवंतीच्या बाकावर बसलेल्या दगडूतात्या ढमाल्यांपाशी येऊन थांबतात.

"गाव नाही," तात्या सांगतात. "नव्हतंच कधी. बसा, एकदाच सगळं सांगतो. जाताना तुमच्या मागून येणाऱ्यांनाही सांगा, माझं तोंड दुखतं आता."

मग ते जे सांगतात ते असं.

रेल्वे नवी होती तेव्हाची गोष्ट. आंबेशेताला म्हस्कू पाटील होते आणि कोंढाऱ्याला हैबती पाटील. दोघे एकमेकांचे व्याही. हैबती पाटलांची लेक राही म्हस्कू पाटलांच्या थोरल्या मुलाला दिलेली. जत्रेत दोघे एका घोंगडीवर बसायचे, एकाच्या बैलाला लागलं तर दुसऱ्याच्या घरून औषध जायचं, असा सलोखा होता म्हणे. तो स्टेशनानं मोडला.

कंपनीनं स्टेशन बांधलं ते नेमकं दोन्ही गावांच्या शिवेवर. पाटीवर नाव कुणाचं, यावरून गावं पेटली. रंगाऱ्यानं आंबेशेत लिहिलं की सकाळी त्यावर शेण फासलेलं. कोंढारे लिहिलं तरी तेच. कंपनीच्या साहेबानं दोन्ही पाटलांना बोलावून समजावलं, मग दरडावलं, आणि शेवटी वैतागून पाटी पांढरी सारवून तशीच ठेवली. स्टेशन सुरू झालं ते बिननावाचं. तिथले शेवडे मास्तर हाताखालच्या माणसांना सांगायचे, गाडी आली की नुसतं 'उतरा' म्हणा.

या सगळ्यात राहीला दिवस गेले होते.

तिला पाटीचं काही वाटत नव्हतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि गाडीत ती कधी बसलीही नव्हती. पण घरात दुसरा विषय नव्हता. ती भाकऱ्या थापत असायची आणि ओसरीवर तेच बोलणं. कोंढाऱ्याच्या लोकांना अक्कल नाही, आमची जमीन जास्त गेली, मान आमचा. कोंढाऱ्याचे लोक म्हणजे तिचे चुलते, भाऊ, बाप. सासरा सुनेसमोर तिच्या बापाचा उद्धार करत होता आणि वर म्हणत होता, सूनबाई, आणखी एक भाकरी वाढ.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा सरला तरी माहेरून न्यायला कुणी आलं नाही. हैबती पाटलांचं म्हणणं, त्यांनी मानानं निरोप धाडावा, मग मी माणूस पाठवतो. म्हस्कू पाटलांचं म्हणणं, लेक त्यांची, त्यांनी येऊन हात जोडावेत. राहीची आई तिकडे डिंकाचे लाडू करून डबा झाकून बसली होती. राहीचा नवरा भला माणूस, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. राहीनं त्याला एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तो म्हणाला, "बघू, आबांचा राग जरा उतरू दे." राहीच्या मनात आलं, राग उतरायची वाट माझं पोर कसं बघेल?

एके दिवशी सकाळी तिनं भांडी घासून पालथी घातली, दोन लुगडी फडक्यात बांधली, सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी निघाले. मला न्यायला कुणी येत नाही आणि पोचवायलाही कुणी येत नाही. माझे पाय अजून चालतात."

सासूनं तिला अडवलं नाही. तिच्या पदरात गूळ-खोबरं घातलं, असं सांगतात.

राही जड पावलांनी स्टेशनापर्यंत आली. तोवर बातमी पुढे गेली होती. ओढ्याच्या काठावर तिचा बाप चार माणसं घेऊन उभा.

"अशी एकटी आलीस?" हैबती पाटील म्हणाले. "पाटलाची लेक तू. त्यांनी स्वतः आणून घालायला हवं होतं. तू आपल्या पायांनी आलीस तर आमची मान खाली."

मागून म्हस्कू पाटील आले, धोतराचा सोगा सावरत. "सूनबाई, न विचारता घर सोडलंस. हा ओढा ओलांडलास तर माघारी यायचं नाही."

राहीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. दोघांच्याही अंगावर नीट घडी केलेलं उपरणं होतं. एवढ्या घाईत निघतानाही दोघांना उपरणं घ्यायचं सुचलं होतं, हे बघून ती आतून इतकी कावली की तिला रडूही येईना. ती वळली, स्टेशनाच्या पत्र्याच्या सावलीत गेली आणि गाठोड्याला टेकून बसली.

"बाबा, मामंजी, ऐका. मी तुमच्याकडेही येत नाही आणि तुमच्याकडेही जात नाही. तुम्ही दोघं मिळून काही एक काम करताना मला दिसलात की मी उठेन. कुठलंही काम. तोवर मी इथंच."

दोघांना वाटलं, दुपारपर्यंत उठेल. ती उठली नाही. शेवडे मास्तरांनी येऊन सांगितलं, ही जागा उतारूंची आहे, इथं मुक्काम करता येत नाही. राही म्हणाली, "मग मास्तर, मला उतारू समजा. मी कुठं जायचं ते ठरलं की जाईन." दोन्ही गावच्या बायका तिला जेवण घेऊन येऊ लागल्या. आंबेशेतानं आमटी-भात आणला की कोंढारे दूधभात आणी. पाटील लोक लांबून बघत आणि आपल्या गावचं भांडं आधी पोचलं का ते विचारत. राहीची आई आली, लाडू देऊन रडली. राही म्हणाली, "आई, तू रडू नको. ज्यांनी रडायला हवं ते अजून भांडतायत."

आणि एका सकाळी तिथंच तिच्या पोटात कळ आली.

गोदा सुईण धावत आली. दोन्ही गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. बायकांनी लुगडी बांधून आडोसा केला. बाहेर लगेच सुरू झालं: घरी न्या, आंबेशेत जवळ. नाही, कोंढाऱ्याला न्या, माहेर ते माहेर. गोदानं आडोशातून डोकं बाहेर काढलं.

"पोर आडवं आलंय, पाटील. तिला हलवलं तर दोघं जातील. भांडायचंच असेल तर लांब जाऊन भांडा. मला गरम पाणी पाहिजे, भरपूर."

रात्रभर पाऊस झालेला. चूल पेटेना, लाकडं नुसती धुमसत होती. तेवढ्यात गाडी आली. शेवडे मास्तरांनी इंजिनवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं इंजिनातलं उकळतं पाणी सोडून दिलं. खाली तांब्याचं मोठं घंगाळ धरलं. भरलं आणि मग कळलं की ते एकट्याला उचलत नाही. घंगाळाला कड्या दोन, आणि शेजारी उभी माणसंही दोनच, म्हस्कू पाटील आणि हैबती पाटील. बाकीची मंडळी गोदाच्या बोलण्यानं मागे सरलेली.

आतून राही ओरडली. कळा सुरू झाल्यापासून तिनं तोंडातून आवाज काढला नव्हता.

दोघांनी उपरणी कड्यांना गुंडाळली आणि उचललं. एक पुढे घाई करी तर पाणी दुसऱ्याच्या पायावर सांडे. पाच पावलांत दोघांचेही पाय भाजले.

"दमानं, पाटील," हैबती म्हणाले.

"तुम्ही उजवा पाय आधी टाका, मी डावा टाकतो," म्हस्कू म्हणाले.

सुगी सरल्यापासून दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं. इंजिनापासून आडोशापर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या. मधल्या एका फेरीला घंगाळ कुणाच्या गावचं यावरून थोडं वाजलं, पण कडी कुणी सोडली नाही. आडोशाच्या फटीतून राहीला ते पाय दिसत होते म्हणे, भाजलेले, बरोबरीनं पडणारे. गोदानं पोर आत हात घालून फिरवलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पोर रडलं. मुलगी होती. गाडी तोवर जागची हलली नव्हती, आणि डब्यातल्या एकाही माणसानं तक्रार केली नाही, असं सांगतात. यावर तात्या स्वतः म्हणतात की एवढाच चमत्कार त्यांना खरा वाटत नाही.

राही ग्लानीत पडली होती. दोघे पाटील आडोशाबाहेर जमिनीवर बसले, पाय पसरून. मग हैबती पाटील म्हणाले, "पोरी, तुझ्या म्हणण्यासारखं झालं. आता सांग, पाटीवर काय लिहायचं? तू म्हणशील ते."

"हो," म्हस्कू पाटील म्हणाले. "सूनबाई म्हणेल ते."

आत राहीनं डोळे उघडले. मग राही म्हणाली, "माझं नाव घाला, आणि मला झोपू द्या."

शेवडे मास्तर चाचरत म्हणाले, नुसतं बाईमाणसाचं नाव चालायचं नाही, गावाचं काहीतरी लागतं.

"मग वाडी म्हणा."

"बाई, पण इथं वाडी कुठाय?"

"मी बसलेय ना इथं," राही म्हणाली, आणि पोरीला कुशीत घेऊन भिंतीकडे वळली.

पाटी त्याच आठवड्यात रंगली. तिला पुन्हा शेण लागलं नाही. राही आधी माहेरी गेली, सव्वा महिन्यानं सासरी आली. पुढे ती खूप जगली, आणि दोन्ही गावचे पुरुष ओसरीवर आवाज चढवू लागले की नुसती दारात येऊन उभी राहायची, असं म्हणतात.

आजही आंबेशेत-कोंढाऱ्यातली सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली की बाप आणि सासरा दोघेही राहीवाडी स्टेशनावर येतात. माहेर पुण्यात असो की पार सोलापूरला. मुलगी नोकरी करणारी असते, चाकांची बॅग स्वतः ओढत येते, म्हणते, राहू द्या हो, मी नेते. तिचं कुणी ऐकत नाही. दोघे व्याही बॅग एकेका बाजूनं धरतात, फाटकापासून डब्यापर्यंत उचलून नेतात, आणि सगळा रस्ता एकमेकांना सांगत राहतात की नीट धरा, तुमची बाजू खाली जातेय.