वाळकी काडी

पूर्वी सोमवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गुराख्याच्या पोटी जन्माला आला. त्याचे नाव वत्सक. रानात पांगलेली गुरे शिंग फुंकून गोळा करावीत ती त्यानेच. त्याचा दम पाहून राजाच्या माणसांनी त्याला सैन्यात नेले आणि हाती रणशिंग दिले. ते फुंकण्याइतका दम दुसऱ्या कोणात नव्हता, आणि ते वाजल्याशिवाय हल्ला करायचा नाही, असा दंडक होता.

पुढे सीमेवरच्या वेणुग्रामाने बंड केले. सेनापती उग्रदत्त सैन्यासह पोहोचला, तेव्हा गावकरी दाती तृण धरून वेशीबाहेर बसले होते. आम्ही तुमच्या गाई, मारू नका, असा त्याचा अर्थ. तृण धरलेल्यावर शस्त्र उचलायचे नाही, हा राजाचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पण लढाईच झाली नाही तर विजयाची मिरवणूक कसली, ही उग्रदत्ताची चिंता.

तो म्हणाला, "ही तर वाळकी काडी. नियमात तृण म्हटले आहे, आणि तृण हिरवे असते. वत्सका, शिंग फुंक."

त्या मुलखात पाऊसच पडला नव्हता. हिरवे पाते आणायचे कुठून? वत्सकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"सेनापती, मी गुराखी आहे. दुष्काळात गाय वाळकी काडीच चघळते. म्हणून ती गाय राहत नाही काय?"

"तुला अक्कल विचारली नाही. फुंक."

वत्सकाने वाकून एक काडी उचलली आणि दातांत धरली. काडी धरलेल्या तोंडाने शिंग फुंकता येत नाही. उग्रदत्ताने तलवारीच्या मुठीने त्याचे पुढचे दात पाडले. वत्सकाने काडी ओठांत धरली. शिंग वाजले नाही आणि सैन्य जागचे हलले नाही.

सैन्य तसेच परतले आणि गोष्ट राजापुढे गेली, तेव्हा उग्रदत्त नियमाचे शब्द घडाघडा म्हणू लागला. राजा संतापून म्हणाला, "माणसे वाचावीत म्हणून मी नियम केला. तू त्यातून मारायची वाट काढलीस."

त्याने उग्रदत्ताला पदावरून काढले आणि वत्सकाला अमात्य केले. दातांवाचून वत्सकाचे शब्द फाटके येत, तरी सभेत कोणी हसत नसे.

विहारात भिक्खूंना आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, शरण आले असता, पूजेची फुले आणली नाहीत म्हणून आज आपल्या विहाराच्या दारातून हाकललेले लोक, ते तेव्हाचे वेणुग्रामवासी. हाकलणारा थेर, आपल्यातला तो वडीलधारा भिक्खू, तेव्हा उग्रदत्त होता. ही गोष्ट माझ्या कानी घालणारा उपासक तेव्हा अरिंदम होता, आणि वत्सक मीच होतो. शरण आलेल्याला अभय देणे हीच करुणा. उठा, दार उघडा. ते अजून उन्हातच बसले आहेत."