दांड्याखालचा जॅक

“नवा जॅक बसवला म्हणजे झालं न्हवं, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद बोटीच्या इंजिनाचा पंखा कानशीनं घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाचं झालं?”

भूपाल मगदूमने हातातला नवा जॅक खाली ठेवला.

कृष्णाकाठच्या त्या गावात पुरासाठी एक बोट होती. दोन चाकांच्या ट्रॉलीवर ती वर्षभर उभी असे. ट्रॉलीचा पुढचा दांडा एका जॅकवर टेकलेला. हँडल फिरवलं की दांडा वर यायचा आणि ट्रॅक्टरच्या हुकात बसायचा. एवढंच त्या जॅकचं काम.

बोट कशी चालवायची हे गावाला उस्तादांनी शिकवलं होतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत भूपाल सगळ्यात हुशार. स्वतःचं लेथचं वर्कशॉप, बचाव पथकाचा प्रमुख. यंत्रातलं त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नाही, असं गाव म्हणायचं. तोही म्हणायचा.

जॅक जुना झाला होता. स्क्रूचे आटे झिजलेले, पाय गंजलेला. उस्तादांनी तीनदा सांगितलं, बदल.

“चालतंय की अजून,” भूपाल तिन्ही वेळा म्हणाला होता.

श्रावणात पाणी चढलं. इंजिन, पेट्रोलचे कॅन, दोर, सगळं चढवून बोट तयार झाली. भूपालने हँडल फिरवलं. दांडा वीतभर उचलला... आणि आटे सुटले. जॅकचा पाय वाकून चिखलात रुतला, दांडा त्याच्यावर बसला. आठ माणसं गुडघाभर चिखलात घसरत, पहारी लावत राहिली. बोट पाण्यात उतरायला पाऊण तास गेला.

मळ्यातल्या घरावर अक्काताई चौगुले एकटी होती. छपराच्या आढ्याला धरून बसलेली. तिचा नवरा अण्णाप्पा जनावरं घेऊन सकाळीच पुढे छावणीत गेला होता.

बोट पोचली तेव्हा छप्पर होतं. अक्काताई नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती सापडली.

भूपालने सगळ्यांना सांगितलं, “पाण्याला ओढ फार होती.” तेही खोटं नव्हतं.

आता पाणी उतरून दोन महिने झाले होते. भूपालने नवा जॅक आणला होता. जाड पायाचा, खाली चाक असलेला, कधी गंजणार नाही असा.

“चल, दाखव,” उस्ताद उठले.

बोट नदीच्या उतारावर शेडमध्ये होती. इंजिन काढलेलं, बोट रिकामी. भूपालने चाकांना दगड लावले, दांड्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि पाना घेतला.

उस्तादांनी त्याच्या हातातून पाना घेतला.

“मी खोलतो. तू ठोकळा काढ.”

“मग दांडा कशावर टेकायचा?”

“तू धर की.”

भूपाल हसला. मग उस्तादांचा चेहरा पाहून हसायचा थांबला. त्याने ठोकळा पायाने बाजूला सारला, वाकला आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

उस्ताद घड्याळात बघून खाली बसले. पहिला बोल्ट गंजला होता. त्यांनी त्यावर तेल सोडलं... वाट पाहिली. पाना लावला. काढला. पुन्हा तेल सोडलं.

“उस्ताद, जरा लवकर.”

“गंजलाय न्हवं.”

भूपालच्या दंडाला कापरं भरलं. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नव्हता.

“उस्ताद... हात सुटतोय.”

“सोडू नको. माझा पाय खाली हाय.”

खरंच होता. भूपालने दात आवळले. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. हाक मारली तरी ऐकायला कोणी नव्हतं.

शेवटचा बोल्ट निघाला. उस्तादांनी पाय काढून घेतला आणि ठोकळा आत सरकवला. दांडा त्यावर आदळला. भूपाल तिथंच जमिनीवर बसला. त्याची बोटं मिटत नव्हती.

“किती वेळ धरलंस?” उस्तादांनी विचारलं.

“अर्धा तास... जास्तच.”

उस्तादांनी मनगट त्याच्यापुढे धरलं.

घड्याळात सहा मिनिटं सरली होती.

भूपाल काट्यांकडे पाहत राहिला; त्या दिवशी पाऊण तास गेला होता. मग भूपालच्या तोंडून एकदम शब्द फुटले.

“अण्णाप्पा रस्त्यात भेटला की हात जोडतो मला, उस्ताद. म्हणतो, जिवावर उदार होऊन आला होता तुम्ही... मला त्या गल्लीनं जाता येत नाही.”

उस्ताद पाना पुसत होते.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही का नाही बोललात गावात?”

“तुला तीनदा बोललो,” उस्ताद म्हणाले. “चौथ्यांदा स्वतःच पाना घेऊन यायला पायजे होतं. आलो नाही. ते माझ्याकडं. तुझं तुझ्याकडं.”

दोघांनी मिळून नवा जॅक बसवला. चारही बोल्ट भूपालने आवळले. हँडल लोण्यात फिरावं तसं फिरलं. दांडा सरसर वर आला.

दोघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

भूपाल तिथूनच अण्णाप्पाकडे गेला.

तास-दीड तासाने परत आला तेव्हा उस्ताद शेडच्या दारात बसले होते. भूपाल उभाच राहिला.

“सांगितलं?”

“सांगितलं. जॅकचं... तुम्ही तीनदा बजावलं होतं, ते पण.”

“मग?”

“भिंतीकडं बघत बसला. मला वाटलं, आता मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग उठला... चुलीपाशी गेला. त्याला चूल पेटवता येत नाही, उस्ताद. सगळ्या घरात धूर झाला. चहा केला. माझ्यापुढं ठेवला. परत भिंतीकडं तोंड करून बसला.”

“तू प्यायलास?”

भूपालने मान हलवली.

“नाही. कप तसाच ठेवून आलो.”

उस्ताद नदीकडे पाहत राहिले. काठच्या बाभळींवर पुराचा गाळ अजून तसाच वाळून बसला होता.

“उद्या परत जा,” ते म्हणाले. “आणि पिऊन ये.”